वहिनीच्या निवडणुकीचा हिशेब

नागपूर महापालिकेच्या निवडणुकीत एका उमेदवाराला जास्तीत जास्त १५ लाख रुपये खर्च करता येतात. मुंबई, पुणे आणि नागपूरला ही मर्यादा सारखीच, त्याखालच्या वर्गातल्या महापालिकांना १३, ११ आणि ९ लाख. हे मला पाठ झालंय कारण १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत माझी चुलत वहिनी उभी होती आणि तिच्या खर्चाचा हिशेब मी ठेवला. मी टॅक्सचं काम करते, इतवारी-गांधीबागच्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न, थोडं ऑडिटचं, त्यामुळे दादानं म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं सरळ येऊन सांगितलं की हिशेब तूच पाहायचा, बाहेरच्या माणसाला कागदं दाखवायची नाहीत.

पक्षाचं नाव आणि प्रभागाचा नंबर लिहीत नाही. दक्षिण नागपूर आहे एवढं पुरे, अर्ध्या भागात जुन्या वस्त्या, अर्ध्या भागात ले-आउट आणि फ्लॅट स्कीमा, मधून नाला.

आधी एक गोष्ट सांगते जी मला कागदं हातात आल्यावरच नीट कळली. कायदा खर्च मोजतो तो फॉर्म भरल्यापासून निकालापर्यंतचा. त्याच्या आधीचं सगळं हिशेबाच्या बाहेर. आणि नागपुरात "आधी" म्हणजे किती, तर मागची निवडणूक झाली २१ फेब्रुवारी २०१७ ला, मुदत संपली मार्च २०२२ मध्ये, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं आणि इथं प्रशासक बसला तो जवळपास चार वर्षं. निवडणूक आज लागते की उद्या लागते अशी चार वर्षं. या काळात दादासारखे इच्छुक दर महिन्याला कुठे ना कुठे पैसे टाकतच होते. गणपतीच्या मंडळाला वर्गणी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडं जाणाऱ्या लोकांसाठी जेवणाचा स्टॉल, रामनवमीला शरबत, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, दहावी-बारावीच्या पोट्ट्यांचे सत्कार, डोळे तपासणीचं शिबिर, आणि वाढदिवसाचे फ्लेक्स तर विचारूच नका, चौकात सिग्नल दिसत नव्हता. दादानं या चार वर्षांत किती घातले ते त्यानं कधी लिहून ठेवलं नाही आणि मला वाटतं मुद्दामच नाही ठेवलं, लिहिलं की वहिनीला दिसलं असतं.

मग नोव्हेंबरात आरक्षणाची सोडत निघाली आणि दादाला चालणारी जागा ओबीसी महिला झाली. एका रात्रीत फ्लेक्सवरचा फोटो बदलला, वहिनी समोर मोठी आणि दादा मागे हात जोडून लहान. वहिनी घरी ट्यूशन घेते, वस्तीतल्या कितीतरी पोरांना तिनं पाढे शिकवलेत, त्यामुळे खरं सांगायचं तर लोकं तिलाच जास्त ओळखतात. ती स्वतःहून कधी उभी राहिली असती का हे मला माहीत नाही, पण एकदा ठरल्यावर तिनं मागे पाहिलं नाही.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं, ८ ते १४. नागपुरात अधिवेशन म्हणजे सगळं सरकारच दारात, त्यामुळे तिकीट मागणाऱ्यांची नुसती झुंबड, आमदार निवासाच्या बाहेर गाड्या लावायला जागा नाही. दादा सकाळी जायचा तो रात्री यायचा, आज अमक्याला भेटलो, उद्या तमक्याला भेटायचं आहे. रविवारी अधिवेशन संपलं आणि सोमवारी १५ तारखेला राज्य निवडणूक आयोगानं निवडणूक जाहीर केली, आचारसंहिता लागली. मुलाखतीला वहिनी गेली तेव्हा मी सोबत होते, बाहेर बसले होते. ती बाहेर आली तर म्हणे ट्यूशनचं, वस्तीतल्या कामांचं दोन मिनिटं विचारलं, त्यानंतर जे विचारलं ते पैशाचंच. स्वतःचे किती लावाल, रोख किती उभे होतील, मागे कोण आहे. एकानं तर म्हणे सांगितलं, "ताई, तुमचं नाव चांगलं आहे पण चारच्या पॅनलमध्ये नावानं भागत नाही."

ते "चारचं पॅनल" काय प्रकरण आहे हे नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, कारण पैशाचा सगळा खेळ मला तरी इथंच दिसला. नागपुरात १५१ जागा आणि ३८ प्रभाग. ३७ प्रभागांतून चार-चार नगरसेवक, शेवटच्या एकातून तीन. एका पक्षाचे प्रभागातले चारही उमेदवार मिळून पॅनल. मतदारानं एकदाच जाऊन चार मतं द्यायची, अ, ब, क, ड, प्रत्येकाच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. शहरात जवळपास पंचवीस लाख मतदार आहेत, म्हणजे एका प्रभागात सरासरी पासष्ट हजारांच्या आसपास. २०१२ मध्ये दोनचा प्रभाग होता, चारचा केला २०१७ पासून. पूर्वी नगरसेवक चपला झिजवून सगळी घरं फिरायचा, आता पासष्ट हजार माणसं पायी फिरून कोणाच्या बापाच्यानं होत नाही. मग गाड्या लागतात, भोंग्याचे ऑटो लागतात, रोजानं पोरं लागतात, सोशल मीडियावाला लागतो. पंधरा लाखाला पासष्ट हजारांनी भागून पाहा, माणशी तेवीस रुपये येतात. एक पत्रक छापून घरापर्यंत पोचवलं, एक चिठ्ठी दिली, भोंगा फिरवला की तेवीस रुपये गेले.

आमच्याच प्रभागात एक रिटायर्ड कंडक्टर अपक्ष उभे होते, वस्तीत खूप मान त्यांना, रेशन कार्डासाठी लोकांना घेऊन फिरायचे. सायकलवर प्रचार केला त्यांनी. नाल्याच्या अलीकडं त्यांना सगळे ओळखत होते आणि नाल्याच्या पलीकडच्या फ्लॅट स्कीममध्ये त्यांना वॉचमननं गेटच्या आत येऊ दिलं नाही. एकच वॉर्ड असता तर हा माणूस भल्याभल्यांना जड गेला असता, असं दादाच म्हणाला मला, आणि दादा तर विरोधातला.

तर तिकीट. ३० डिसेंबर शेवटची तारीख आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हातात आला तो शेवटच्या घटकेला. पॅनल ठरलं. त्यातल्या एका सर्वसाधारण जागेवर होते ते भाऊ. सगळे त्यांना भाऊच म्हणतात, मीही तेच म्हणते. भाऊंचं ले-आउटचं काम आहे, शहराच्या बाहेर जमिनी घेऊन प्लॉट पाडायचे, शिवाय सिमेंट रोडच्या ठेकेदारांमध्ये उठबस. माणूस वाईट नाही हो, बोलायला एकदम गोड, वहिनीला पहिल्याच बैठकीत म्हणाले, "वहिनी, तुमी फक्त हात जोडून पुढं चाला, बाकीचं टेन्शन घेऊ नका, आपण चौघं एक घर आहो." पॅनलमधले बाकीचे दोघं पण साधेच, एक पक्षाचा जुना कार्यकर्ता, एक ताई बचत गटाच्या. चौघांतले तिघं बिनपैशाचे आणि एक पैसेवाला, असं पॅनल मला नंतर आजूबाजूला अजून पाहायला मिळालं. पक्षाला पण ते सोयीचंच पडत असावं, एकाच्या खिशातून चौघांचं निघतं.

फॉर्म भरतानाचं फार लिहीत नाही. जात वैधता, २००१ नंतर तिसरं मूल नसल्याचं, मनपाचा टॅक्स आणि पाणीपट्टी थकीत नसल्याचा दाखला, गुन्ह्यांचं आणि संपत्तीचं शपथपत्र, खर्चासाठी नवीन बँक खातं. अनामत सर्वसाधारणला ५ हजार, राखीव असल्यानं वहिनीला अडीच हजार. एवढंच सांगते की त्या आठवड्यात झोन ऑफिसला टॅक्स भरायला जी लाइन होती तशी मी आयुष्यात पाहिली नाही, वर्षानुवर्षं घराचा टॅक्स न भरलेले समाजसेवक हातात नोटा धरून उभे.

दादानं उमरेड रोडचा प्लॉट गहाण टाकून पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि वहिनीच्या नव्या खात्यात पैसे आले. तिथून माझं काम सुरू.

पद्धत अशी असते की रोजच्या रोज खर्च लिहायचा, निवडणूक कार्यालयात द्यायचा, आयोगाचं ट्रू व्होटर म्हणून अ‍ॅप आहे त्यावर पण भरायचा, आणि निकालानंतर ३० दिवसांत सगळा हिशेब पावत्यांसकट सादर करायचा. नाही केला तर पुढची काही वर्षं निवडणुकीला अपात्र. प्रशासनाचं दरपत्रक असतं, त्यात चहा, नाश्ता, खुर्ची, मांडव, ढोल-ताशा, गाडी, सगळ्याचे दर लावलेले. तुम्हाला मांडववाल्यानं फुकट दिलं तरी दरपत्रकातल्या भावानं लिहावं लागतं. ऐकायला फार चांगलं वाटतं. मला पण पहिले दोन-तीन दिवस वाटलं की अरे हे तर व्यवस्थित आहे, आमच्या क्लायंटांपेक्षा शिस्तीचं.

मग कळायला लागलं. मांडववाल्याला फोन केला तर त्याचा पहिलाच प्रश्न, "ताई, पक्कं पाह्यजे का कच्चं?" फ्लेक्सवाल्याचा तोच. नाश्त्याला रोज तर्री-पोहा असायचा, सकाळी पदयात्रेच्या आधी, माणसं दीडशे-दोनशे, आणि पोहेवाला बिल आणायचा चाळीस प्लेटचं. मी म्हटलं बाकीच्या प्लेटांचं काय, तर म्हणाला ते भाऊंकडून मिळालं. रात्रीचं सावजी जेवण व्हायचं कार्यकर्त्यांचं, त्याचं तर बिलच माझ्यापर्यंत कधी आलं नाही. रॅलीत चालणाऱ्या बाया, सगळ्या घरकाम करणाऱ्या, मी त्यातल्या एकीला विचारलं तर म्हणाली सकाळी ह्यांच्या, दुपारी त्यांच्या, रोजी सुटते, संक्रांत आहे न. तिच्या पिशवीत दोन पक्षांचे दुपट्टे होते. मला तिचं काही वाईट वाटलं नाही, थंडीत चार तास चालण्याचे पैसे ती घेत होती आणि तिचा हिशेब एकदम साफ होता.

एकत्र खर्चाचं चारमध्ये भागायचं असतं. सभा झाली, स्टेजवर चौघं, तर एका सभेच्या खर्चाचा चौथा हिस्सा वहिनीच्या नावे. चार उमेदवार म्हणजे कागदावर ६० लाखांची जागा, त्यामुळे एकाची मर्यादा भरत आली की खर्च दुसऱ्याच्या नावावर सरकवता येतो, हे मला भाऊंच्या मुनीमानं फार प्रेमानं समजावून सांगितलं. हा मुनीम म्हणजे साठीचा माणूस, कितीतरी निवडणुका केलेला, लांबट लाल वही, पेन खिशाला. माझ्या लॅपटॉपकडं पाहून म्हणाला, "बाई, तुमी दाखवायचं लिवता, मी लागलेलं लिवतो. दोनी लागतात." मी त्याला वही दाखवा म्हटलं तर हसला नुसता.

एकदाच एक आकडा त्याच्या तोंडून गेला. बूथचा. प्रभागात सत्तरेक बूथ. मतदानाच्या दिवशी प्रत्येक बूथबाहेर टेबल, दहा-बारा पोरं, दोन टाइमचं जेवण, वयस्कर मतदारांसाठी ऑटो, असा बूथमागे पंधरा हजार धरला होता म्हणे. म्हणजे साडेदहा लाख, एका दिवसाचे, आणि तेही फक्त बूथचे. यात वाटपाचं, म्हणजे मतदारांना द्यायच्या पैशा-वस्तूंचं, काहीच नाही. माझ्या हिशेबात बूथचा म्हणून जो खर्च आला त्यात खुर्च्या, टेबलं आणि पाण्याचे कॅन होते.

आता वाटपाकडं येते, लोकांना ऐकायचं तेच असतं. मी स्वतः पाकीट हातात देताना पाहिलं नाही. पण १३ तारखेला संध्याकाळी साडेपाचला जाहीर प्रचार संपला, आणि १४ ला संक्रांत, आणि १५ ला मतदान. आता तुम्हीच सांगा. संक्रांतीला हळदीकुंकू, हळदीकुंकवाला वाण, वाणाला कोण नाही म्हणणार? प्रभागात गल्लोगल्ली हळदीकुंकू होतं, स्टीलचे डबे, प्लास्टिकच्या टोपल्या, कुठे साड्या, आणि प्रत्येक ठिकाणी यजमानीण म्हणून अशी बाई जी उमेदवार नाही, कार्यकर्ती पण नाही, फक्त शेजारीण आहे. निवडणुकीच्या तपासणी पथकानं येऊन काय लिहायचं? तिळगुळ वाटला? वर पतंगा, त्यावर पक्षाचं चिन्ह, आमच्या गच्चीवर तीन वेगवेगळ्या पक्षांच्या येऊन पडल्या होत्या. वहिनीच्या हिशेबात मी वाणाची एक ओळ लिहिलेली नाही कारण वहिनीनं वाण वाटलंच नव्हतं, ते खरंच आहे. कोणीतरी वाटलं होतं, वाटताना "पॅनलवर लक्ष ठेवा" म्हटलं होतं.

मी घरी येऊन कायदा उघडला, सवयच आहे. भारतीय न्याय संहितेत कलम १७६ आहे, उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी त्याच्या प्रचाराला खर्च केला तर गुन्हा, दंड १० हजारांपर्यंत. त्यात एक सूट दिलीय, की परवानगी नसताना केलेला खर्च दहा रुपयांच्या आत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मंजुरी घेतली तर चालेल. दहा रुपये! जुन्या आयपीसीत होतं तसंच उचलून २०२३ च्या नव्या कायद्यात ठेवलंय. आज दहा रुपयांत जेमतेम एक कटिंग चहा येतो, आणि मी तो कागद दादाला वाचून दाखवला तर त्याला वाटलं मी मजाक करून राहिली.

आणि घेणारे फक्त वस्तीतलेच असतात हा जो आपला फ्लॅटवाल्यांचा समज आहे न, तो आधी काढून टाका. वस्तीत मागतात ते उघड मागतात. ले-आउटच्या फ्लॅट स्कीममध्ये मीटिंग झाली, सोसायटीच्या हॉलमध्ये, एसी लावून, चहा बिस्किटं, सेक्रेटरी काका इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, पहिली वीस मिनिटं लोकशाही आणि पैशाच्या वापराबद्दल बोलले आणि मग म्हणाले की आमच्या गेटला सीसीटीव्हीचे आठ पॉइंट करून द्या, शेजारच्या स्कीमला दुसऱ्या पक्षानं बोअरवेलची मोटर दिलीय. वहिनी गप्प बसली. भाऊंनी मान हलवली आणि तिसऱ्या दिवशी कॅमेरे लागले. माणशी भागलं तर हे पाकिटापेक्षा महाग पडलं असेल, पण याला कोणी वाटप म्हणत नाही.

पण मला जे सांगायचंय ते मतदाराबद्दल नाहीच. लोकं घेतात आणि मत कोणाला द्यायचं ते बऱ्याच वेळा स्वतःच ठरवतात, आमच्या कामवाल्या मावशीनं तीन ठिकाणांहून घेतलं आणि मत चौथ्याला दिलं असं मला छातीठोक सांगितलं. पैशानं सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्कं जर कोणाला बांधलं असेल तर ते पॅनलमधल्या बाकीच्या तिघांना. दादाचं कर्ज प्रचार अर्ध्यावर असतानाच संपत आलं. माझ्या हिशेबात वहिनीच्या नावे सगळं मिळून दहा लाखांच्या आत खर्च दिसतो, मर्यादेपेक्षा बराच कमी, पक्की बिलं, चेकनं दिलेले पैसे, कोणीही येऊन तपासा. त्याच्यावर जे काही झालं ते भाऊंच्या लाल वहीत. आणि त्या वहीत वहिनीच्या नावाचं एक पान असणारच, बचत गटाच्या ताईंचं एक, जुन्या कार्यकर्त्याचं एक. कोणी कधी ते पान दाखवून मागितलं नाही. मागायची गरजच काय.

वहिनीला हे कळत नव्हतं असं नाही. एका रात्री पत्रकं मोजता मोजता मला म्हणाली, "मी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं का गं?" मी म्हटलं कशाला नाही, पॅनलच्या गाडीला? गाडीत तर चौघांचे फोटो आहेत. एका भोंग्यात चारही नावं. त्यातून आपलं नाव वेगळं कसं काढणार, आपल्यापुरता पाव भोंगा बंद ठेवा म्हणणार का.

१६ तारखेला निकाल. पॅनल चारही आलं. गुलाल, डीजे, दादा रडला. कंडक्टर काकांना मतं किती पडली ते लिहीत नाही, अनामत गेली त्यांची. जाताना वहिनीला नमस्कार करून गेले, "तुमी आल्या हे बरं झालं" म्हणाले आणि ते मनापासूनच होतं.

हिशेब मी मुदतीच्या बराच आधी देऊन टाकला. टेबलावरच्या साहेबांनी फाइल चाळली, शपथपत्र आहे का, बँकेचं स्टेटमेंट आहे का, पानांना नंबर आहेत का, एवढं पाहिलं, पोच दिली. त्यांच्याकडं प्रत्येक उमेदवाराची अशी फाइल, गठ्ठेच्या गठ्ठे, त्यांना दोष देऊन काय फायदा. मागच्या बाकावर दुसऱ्या पक्षाच्या पडलेल्या उमेदवाराचा पोट्टा बसला होता, तो पावत्यांना अजून नंबर टाकत होता आणि शिव्या देत होता की हरलो तरी हिशेब द्यायचा काय. हो, द्यायचा, बिनशर्त सगळ्यांनी द्यायचा.

त्यानंतर महिनाभरात भाऊंचा माणूस वहिनीकडं एक पत्र घेऊन आला. टाइप करूनच आणलेलं. प्रभागाच्या टोकाला एक ले-आउट आहे, तिथं सिमेंट रोड आणि ड्रेनेज लाइन टाकावी अशी नागरिकांची मागणी आहे, वगैरे. तिघांच्या सह्या झाल्या होत्या, वहिनीची चौथी बाकी. त्या ले-आउटमध्ये घरं किती तर बोटावर मोजण्याइतकी, बाकी मोकळे प्लॉट, विकायचे. आणि जुन्या वस्तीत नाल्याची भिंत खचलेली आहे जिच्यासाठी वहिनीनं प्रचारात शब्द दिला होता. तिनं मला फोन केला, म्हणाली, तुझ्याकडं हिशेब आहे न, आपण भाऊंचं काही देणं लागतो का पाहून सांग. मी फाइल उघडली. देणे बाकी, शून्य. तसं सांगितलं तिला. ती म्हणाली बरं, आणि सही केली. भिंतीचं पत्र तिनं नंतर वेगळं दिलंय, ते झोनमध्ये पडून आहे, पाठपुरावा करून राहिली ती.

राहिलं दादाचं कर्ज. नगरसेवकाला मानधन किती, तर २०१७ मध्ये सरकारनं वाढवलं तेव्हा नागपूरला महिन्याचे २० हजार झाले. पाच वर्षांचे साठ महिने, बारा लाख. म्हणजे मर्यादेत राहून, एक रुपया इकडंतिकडं न करता, पूर्ण पंधरा लाख खर्च केले तरी माणूस पाच वर्षांनी तीन लाखांनी खड्ड्यात असतो, आणि पतसंस्थेचं व्याज वेगळं. हे गणित मी दादाला फॉर्म भरायच्या आधीच करून दाखवलं होतं. तेव्हा म्हणाला होता, "समाजसेवा आहे बावा, पैसे कोण पाहते."

आता हप्ते सुरू झाले. परवा आला माझ्याकडं, साळ्याच्या नावानं ठेकेदारीचं रजिस्ट्रेशन काढायचं आहे, जीएसटी नंबर काढून दे म्हणाला. मी म्हटलं, दादा, नगरसेवकाचा मनपाच्या ठेक्यात सरळ किंवा आडून हिस्सा निघाला तर पद जातं, महापालिका अधिनियमात कलम १० आहे त्याचं, वहिनीला घरी बसवशील तू.

तर म्हणतो कसा, "म्हणूनच तर साळ्याच्या नावानं काढून राहिलो न."